मणक्याच्या शस्त्रक्रियेतील चेताकार्य-निरीक्षण

मणक्याच्या शस्त्रक्रियेत रुग्ण पूर्ण भुलेखाली असताना त्याचा मज्जारज्जू व त्यातून निघणाऱ्या चेता यांचे कार्य विद्युत संकेतांवरून सतत तपासत राहण्याची पद्धत. वाकलेला कणा सरळ करताना, क्षयाने खचलेल्या मणक्याचा दाब काढताना किंवा स्क्रू बसवताना मज्जारज्जू ताणला वा दबला जाऊ शकतो, त्याचा रक्तपुरवठाही घटू शकतो. पण पायातले बळ गेल्याचे रुग्णाला त्या वेळी सांगता येत नाही.

प्येर स्तान्यारा आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये वर्णिलेल्या जागृती-चाचणीत भूल मध्येच हलकी करून रुग्णाला पाय हलवायला सांगतात. ही चाचणी आजही उपयोगी आहे, मात्र तिचा आधार रुग्णाला सूचना समजण्यावर असतो. म्हणून बोदवड परिसरातील लेवा गणबोली किंवा तावडी बोलणाऱ्या रुग्णाकडून ती सूचना आदल्या दिवशी त्याच्याच बोलीत घोटून घेणे श्रेयस्कर ठरते. या चाचणीची खरी उणीव ही, की ती केवळ त्या क्षणाची स्थिती सांगते.

सततच्या निरीक्षणात घोट्याजवळील चेतेला सूक्ष्म विद्युत उद्दीपन देऊन मेंदूपर्यंत पोहोचणारा प्रतिसाद टाळूवर टिपतात. यास संवेदी उद्दीपित विभव म्हणतात. त्याची उंची निम्म्याने घटली किंवा तो दहा टक्क्यांनी उशिरा आला, तर तो इशारा समजतात. हा प्रतिसाद मुख्यतः मज्जारज्जूच्या मागील भागातून जातो, त्यामुळे पुढील भागातील हालचालीचे मार्ग दुखावले तरी तो शाबूत राहू शकतो. ही उणीव प्रेरक उद्दीपित विभव भरून काढते. त्यात टाळूवरून मेंदूला उद्दीपन देऊन हातापायांच्या स्नायूंचा प्रतिसाद नोंदवतात. मर्टन व मॉर्टन यांनी १९८० मध्ये शुद्धीवरील माणसात असे उद्दीपन शक्य असल्याचे दाखवले होते. उद्दीपनाच्या वेळी जबडा आवळून जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये मऊ गुंडाळी ठेवतात.

या निरीक्षणाचे यश बरेचसे भूलतज्ज्ञाच्या हाती असते. श्वासावाटे द्यायची भूलद्रव्ये विशेषतः प्रेरक प्रतिसाद दडपतात आणि स्नायू शिथिल करणारी औषधे तो पुसूनच टाकतात; म्हणून प्रोपोफॉल व अफूवर्गीय वेदनाशामक शिरेतून देतात आणि शिथिलक बहुधा श्वासासाठी नळी घालण्यापुरतेच वापरतात. संकेत घटला की इलेक्ट्रोड, तापमान व भुलेची मात्रा तपासून रक्तदाब वाढवतात, ताण सैल करतात, गरज पडल्यास नुकताच बसवलेला स्क्रू काढतात.