खपल्यांतील शस्त्रागार

सोरायसिस स्पर्शजन्य नव्हे. तरी युरोपांत त्याच्या रोग्यांस पुष्कळदा महारोग्यांच्या पंक्तीस बसविले गेले. लंडनच्या रॉबर्ट विलनने १८०८ साली या रोगाचे नेमके वर्णन केले खरे, पण त्याच्या एका प्रकारास नाव ठेविले ‘लेप्रा’! नुसत्या नावाने केवढा घात! व्हिएन्नाच्या हेब्राने १८४१ साली तो घोळ मिटविला.

आम्हांस नवल वाटते ते पुढचेच. ज्या खपल्यांची जगाने किळस केली, त्यांतूनच १९९७ साली जर्मनींतील कील येथील संशोधकांनी डिफेन्सिन कुळांतील एक नवे जंतुनाशक प्रथिन वेगळे काढिले. या त्वचेस जंतूंची बाधा क्वचितच कां होते, याचा त्याने पुष्कळसा उलगडा झाला. मात्र या कुळांतील जनुकांच्या प्रती ज्यांच्या अंगी अधिक, त्यांस हा रोग जडण्याचा संभवही अधिक, असे २००८ साली दिसून आले.