रात्री तिथं कोण असतं?

इंदापूरकडचे एक परिचित गृहस्थ आईसाठी वृद्धाश्रम शोधत होते. दोन ठिकाणी जाऊन आले. बाग छान, देवघर छान, फरशी चकचकीत, भिंतीवर पाहुण्यांचे हारतुऱ्यांसह फोटो. तरी मन घेईना. मला म्हणाले, ''सर, नेमकं बघायचं काय असतं हो?'' मी म्हटलं, तुमच्या शेजारच्या केडगावच्या बाईंनी हे सव्वाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.

केडगाव आज दौंड तालुक्यात येतं. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं आणि त्या तालुक्याची कचेरी बारामतीला होती. पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन तिथं उभं राहिलं. पण पारखीची गोष्ट त्याआधी सुरू होते.

11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवांना शिकवायचं, कुणाच्या धर्माला हात लावायचा नाही, असा करार होता. बाई स्वतः ख्रिस्ती. त्या दार उघडं ठेवून प्रार्थनेला बसत आणि काही मुली तिथं येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. शब्द दिला होता, तेव्हा जाब विचारण्याचा पालकांना हक्क होताच. मात्र त्या धुरळ्यात मुली शिकतात काय, खातात काय, त्यांना कसं वागवलं जातं, हे प्रश्न मागे पडले असं मला वाटतं. सदनाला पैसा पुरवणाऱ्या बोस्टनच्या मंडळाच्या जुडिथ अँड्र्यूज मात्र स्वतः पुण्याला येऊन राहिल्या. अहवाल मागवून भागलं असतं, पण त्या आल्या, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांतच गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सरकारी अनाथगृहं, म्हणजे तेव्हाची 'पुअर हाऊस', पाहिली. त्यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा: पहिलं 'हाऊस' म्हणजे घर नव्हतंच, गावाबाहेरची एक झाडी होती. आजारी, म्हातारे, तरण्या मुली, लहान पोरं आणि वाईट चालीची माणसं, सगळी एकत्र. रात्री उघड्यावर निजायचं. पोटाला मिळतं का, एवढंच पाहून साहेब निघून जात. रमाबाईंनी मात्र रात्री मुलींजवळ कोण असतं ते पाहिलं. राखणदारच भक्षक होतात, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. तिथून त्यांनी मुलींना आणायला सुरुवात केली.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावणीत बायकांचे हाल होतात, त्यांना तिथं संरक्षण नाही, असं रमाबाईंनी मे 1897 मध्ये 'बॉम्बे गार्डियन' पत्राला लिहून कळवलं. त्यांच्याच सदनातल्या एका मुलीचा त्यात उल्लेख होता. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते आरोप फेटाळले. बाईंवर मिशनरी म्हणून आजवर अनेकांनी टीका केली. पण त्या वेळी, गोऱ्या सरकारला, नाव घालून असं लिहायला छाती लागते.

पुण्यातल्या प्लेगच्या निर्बंधांमुळे मुली केडगावच्या शेतावर हलवल्या. 1898 मध्ये मुक्ती सदनाचा विधिवत आरंभ झाला. विहिरी, छापखाना, अंधांसाठी वेगळं सदन. पुढल्या काही वर्षांत माणसं दीड हजारावर गेली. एवढ्यांचं घर चालवताना बाईंच्या हातूनही उणिवा राहिल्या असणार. माझा मुद्दा त्यांच्या पुण्याईचा नाही, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. अनाथालयं आणि धर्मादाय गृहं यांच्या देखरेखीचा 1960 चा, ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा. या दुसऱ्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक आश्रम असावा असं म्हटलं आहे. कागदावर नोंदणी, तपासणी सगळं असतं. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहालाही सरकारी माणसं भेटी देऊन गेली होती. 2017-18 मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटानं बिहारच्या आश्रयगृहांची पाहणी केली. ते मुलींजवळ बसले, बोलले, आणि तिथला भयंकर प्रकार बाहेर आला. 2020 मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. शंभर-सव्वाशे वर्षांत पद्धत बदलली, तरी मर्म तेच: आत राहणाऱ्याला, कुणी ऐकत नसताना, बोलू द्या.

हे सगळं ऐकून आमचे गृहस्थ तिसऱ्या ठिकाणी गेले. या वेळी न कळवता, संध्याकाळी जेवणाच्या सुमारास. रात्री किती बाया कामावर असतात, कुणी पडलं तर डॉक्टर किती वेळात येतो, मुदपाकखान्यात गॅस कुठं, जिन्याला दुसरी वाट आहे का, असं विचारत राहिले. व्यवस्थापक चांगलं बोलत होता. निघताना व्हरांड्यातल्या एका आजींनी त्यांचा हात धरला. ''मोबाइल आहे का रे तुझ्याकडं? लेकीला लावून दे. आमचे फोन हापिसात ठेवतात.''

त्यांनी लेकीला फोन लावून दिला. आईला तिथं ठेवलं नाही.