स्तनकर्करोगावरील हार्मोन उपचार आणि ‘वाफा’ : गोळी न सोडता त्रास आटोक्यात ठेवता येतो

नवी दिल्ली : स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडते, केमोथेरपी आणि किरणोपचार संपतात, केस पुन्हा उगवू लागतात आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याच सुमारास अनेक स्त्रियांच्या आयुष्यात एका लहानशा गोळीचा दीर्घ कालखंड सुरू होतो. रोज एक गोळी, किमान पाच वर्षे. काहींच्या बाबतीत दहा वर्षे. या काळात छातीतून उसळून मान व चेहऱ्याकडे जाणारी उष्णतेची लाट, क्षणात घामाने चिंब होणारे कपडे, पाठोपाठ येणारी हुडहुडी आणि मध्यरात्री मोडणारी झोप हा अनेकींचा नित्याचा अनुभव ठरतो. वैद्यकीय परिभाषेत याला ‘हॉट फ्लॅशेस’ म्हणतात; मराठी घरांत ‘वाफा येणे’ किंवा ‘अंगाची लाही होणे’ असे म्हटले जाते.

हा त्रास स्वतः जिवावर बेतणारा नसतो. मात्र त्याला कंटाळून, डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते. वाफांवर परिणामकारक उपाय उपलब्ध आहेत आणि त्यांसाठी कर्करोगावरील उपचार सोडण्याची गरज बहुधा पडत नाही, हे रुग्ण व कुटुंबीय दोघांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.

हार्मोन उपचार कोणाला व कशासाठी?

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. ‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली. यांपैकी अनेकींच्या गाठीतील पेशींवर इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक असतात. अशा पेशींच्या वाढीला इस्ट्रोजेनचे खतपाणी मिळते. हार्मोन उपचारांचा हेतू हे खतपाणी तोडणे हा असतो. गाठीच्या तपासणी अहवालात ‘ईआर’ किंवा ‘पीआर’ पॉझिटिव्ह अशी नोंद असल्यास हे उपचार सुचविले जातात.

टॅमॉक्सिफेन हे औषध स्तनाच्या पेशींतील ग्राहकांची जागा अडवून धरते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही औषधे रजोनिवृत्तीनंतर शरीरात तयार होणारे इस्ट्रोजेन घटवतात. पाळी सुरू असलेल्या काही स्त्रियांना अंडाशयाचे कार्य थांबविणारी गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइडची इंजेक्शनेही दिली जातात. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी वयात आढळतो. त्यामुळे नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या कितीतरी आधी, चाळिशीत किंवा त्याहूनही लवकर, अनेकींना वाफांना सामोरे जावे लागते. जे बदल निसर्गतः काही वर्षांत हळूहळू घडतात, ते येथे काही आठवड्यांत घडत असल्याने त्रासाची तीव्रताही अधिक असू शकते.

वाफा का येतात?

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान राखतो. तेथील काही चेतापेशींवर एरवी इस्ट्रोजेनचा अंकुश असतो. इस्ट्रोजेन घटले किंवा त्याचा परिणाम रोखला गेला, की हा अंकुश सुटतो आणि या पेशी अतिसक्रिय होतात. ‘न्यूरोकायनिन बी’ हे रसायन त्यात कळीची भूमिका बजावते. परिणामी शरीराला सहज सोसणारा तापमानाचा पट्टा अरुंद होतो. एक कप गरम चहा, स्वयंपाकघरातील धग किंवा मनावरचा किंचित ताण एवढ्यानेही शरीर तापल्याचा चुकीचा संदेश जातो. त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो, हृदयाचे ठोके वाढतात. काही मिनिटांत लाट ओसरते आणि गारठा जाणवतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘औषध गरम पडते’, ‘अंगात उष्णता साचली’ अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे आणि तिचा पुढचा टप्पा ‘काही दिवस गोळी बंद ठेवून पाहू’ हा असतो. वस्तुतः औषधाने शरीरात उष्णता साठत नाही. तापमान नियंत्रणाची यंत्रणा अतिसंवेदनशील झालेली असते. सब्जा, गुलकंद, कोकम सरबत यांनी बरे वाटत असेल तर माफक प्रमाणात घेण्यास सहसा हरकत नसते. मधुमेह असल्यास साखरेचा हिशेब ठेवावा. परंतु हे पदार्थ गोळीला पर्याय ठरत नाहीत.

गोळी सोडल्यास काय गमवावे लागते?

टॅमॉक्सिफेन ब्रिटनमध्ये १९७३ साली, तर अमेरिकेत १९७७ साली स्तनकर्करोगाच्या उपचारांत दाखल झाले. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संप्रेरक-संवेदनशील कर्करोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पहिल्या पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने, तर पंधरा वर्षांच्या काळात स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे त्यात दिसले. औषध थांबल्यानंतरही त्याचे संरक्षण अनेक वर्षे टिकते.

तरीही अनेक स्त्रिया उपचार अर्धवट सोडतात. अमेरिकेतील ८,७६९ रुग्णांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ ४९ टक्के स्त्रियांनी पूर्ण कालावधीपर्यंत ठरल्याप्रमाणे औषध घेतल्याचे आढळले. दुष्परिणाम हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. आपल्याकडे संकोचाची भर पडते. तपासणीला सोबत आलेला मुलगा किंवा दीर यांच्यासमोर घाम, पाळी, झोप यांविषयी बोलणे अनेकींना अवघड वाटते. ‘जीव वाचला, एवढे सोसावेच लागेल’ असे मानून त्या गप्प राहतात आणि कधीतरी गोळीच मागे पडते. डॉक्टरांशी एकांतात बोलण्याची मागणी करणे हा रुग्णाचा हक्क आहे.

पहिली पायरी : नोंद ठेवा

उपाय ठरविण्यापूर्वी त्रासाचे मोजमाप हवे. साध्या वहीत आठवडाभर प्रत्येक वाफेची वेळ, तीव्रता (सौम्य, मध्यम, तीव्र) आणि त्याआधी काय खाल्ले, प्यायले किंवा घडले, याची नोंद करावी. रात्री किती वेळा जाग आली हेही लिहावे. यातून वाफेला निमित्त ठरणाऱ्या गोष्टी लक्षात येतात, डॉक्टरांना नेमके सांगता येते आणि उपाय लागू पडला की नाही हेही ताडून पाहता येते.

दैनंदिन जीवनातील बदल

कडक चहा-कॉफी, अतितिखट जेवण, मद्य आणि धूम्रपान यांमुळे काहींचा त्रास वाढतो. सर्वच पदार्थ सोडण्याऐवजी नोंदवहीत ज्यांचा संबंध दिसतो तेवढेच टाळावेत. चहा कोमट करून प्यावा. स्वयंपाक शक्यतो सकाळच्या गार वेळेत उरकावा आणि ओट्याजवळ हवा खेळती ठेवावी. चुलीपुढील किंवा शेगडीजवळील काम घरातील इतरांनी वाटून घेणे हाही उपचाराचाच भाग समजावा.

कपडे सुती, सैल आणि एकावर एक घालता-काढता येतील असे असावेत. कृत्रिम धाग्यांचे कपडे घाम अडवतात. बाहेर पडताना पाण्याची बाटली, लहान पंखा किंवा वर्तमानपत्राची घडी, ओला रुमाल आणि जास्तीचा ब्लाऊज किंवा कुर्ता सोबत ठेवावा. वाफ येऊ लागताच मनगट व मानेवर गार पाणी लावावे.

भारतातील उन्हाळ्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. नागपूर, दिल्ली किंवा राजस्थानातील कोरड्या उष्म्यात वाळ्याचे पडदे व डेझर्ट कूलर उपयोगी पडतात. मुंबई, कोकण, चेन्नईसारख्या दमट हवेत कूलरचा फारसा उपयोग होत नाही; तेथे पंखा आणि खेळती हवा अधिक कामाची. पारा ४० अंशांपुढे गेल्यावर नुसता पंखा गरम हवाच फेकतो, म्हणून अंग ओल्या कापडाने पुसत राहावे. घामावाटे जाणारे पाणी भरून काढण्यासाठी माठातील पाणी, ताक थोडे-थोडे घेत राहावे.

झोपताना सुती चादर व पातळ पांघरूण वापरावे. उशाशी पाण्याचा तांब्या, टॉवेल आणि बदलण्याचे कपडे ठेवावेत, म्हणजे जाग आली तरी उठून दिवा लावण्याची वेळ येत नाही.

मनाचे प्रशिक्षण

संज्ञानात्मक वर्तन उपचार या मानसोपचार पद्धतीला चांगला आधार आहे. ब्रिटनमध्ये स्तनकर्करोगाचे उपचार घेतलेल्या ९६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकदा, अशा सहा गटसत्रांनंतर वाफांची संख्या लक्षणीय घटली नाही. मात्र त्यांचा जाच पुष्कळ कमी झाला. ‘सगळे माझ्याकडेच पाहत आहेत’, ‘आता रात्रभर झोप नाही’ असे विचार ओळखून बदलणे आणि संथ श्वसन करणे, हे या पद्धतीचे गाभ्याचे भाग आहेत. वाफेची चाहूल लागताच खांदे सैल सोडून पोटातून सावकाश श्वास घेण्याचा सराव घरीही करता येतो. योगासने व नियमित चालणे यांनी झोप आणि थकवा यांत अनेकींना लाभ होतो.

औषधोपचार : काय उपयोगी, काय धोक्याचे?

वाफांमुळे झोप, काम किंवा मनःस्थिती बिघडत असेल, तर डॉक्टर संप्रेरकविरहित औषधे सुचवितात. व्हेन्लाफॅक्सिन हे मूळचे नैराश्यावरील औषध येथे कमी मात्रेत वापरले जाते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ७५ मिलिग्रॅम मात्रेने वाफांची संख्या व तीव्रता मिळून काढलेला गुणांक ६१ टक्क्यांनी घटला. औषधी द्रव्य नसलेल्या गोळीने तो २७ टक्क्यांनी घटला. हे औषध लिहून दिले म्हणजे डॉक्टरांनी मनोरुग्ण ठरविले, असा अर्थ काढू नये. मळमळ, कोरडे तोंड आणि रक्तदाबातील वाढ यांकडे लक्ष ठेवावे लागते आणि ते एकाएकी बंद करू नये.

गॅबापेंटिन हे रात्रीच्या वाफांसाठी विशेष उपयुक्त ठरते, कारण त्याने गुंगी येते. त्याच कारणाने दिवसा वाहन चालविताना सावधगिरी हवी. ऑक्सिब्युटिनिन हे मूत्राशयाच्या विकारावरील औषधही परिणामकारक आढळले आहे. तोंड कोरडे पडणे व बद्धकोष्ठता हे त्याचे दुष्परिणाम होत.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने लक्षात ठेवावी. यकृतातील ‘सीवायपी२डी६’ हे विकर टॅमॉक्सिफेनचे अधिक प्रभावी रूप तयार करते. पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन आणि ब्युप्रोपियॉन ही औषधे या विकराला रोखतात, त्यामुळे टॅमॉक्सिफेनसोबत ती टाळण्याचा सल्ला दिला जातो. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना टॅमॉक्सिफेनची चिठ्ठी सोबत न्यावी आणि औषध दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत.

रजोनिवृत्तीच्या त्रासावर अन्यथा दिले जाणारे इस्ट्रोजेनयुक्त उपचार स्तनकर्करोग झालेल्या स्त्रियांना सहसा दिले जात नाहीत. स्वीडनमधील एक चाचणी रोग उलटण्याचे प्रमाण वाढल्याने २००३ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली होती. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी वनौषधी चूर्णे, सोयाच्या अर्काच्या गोळ्या किंवा कल्प यांबाबतही कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याविना निर्णय घेऊ नये. रोजच्या आहारातील सोयाबीन वा टोफू आणि त्यांचा संहत अर्क यांत फरक आहे.

न्यूरोकायनिनच्या मार्गावर थेट काम करणारी नवी औषधेही आली आहेत. एलिन्झानेटंट या औषधाची स्तनकर्करोगासाठी हार्मोन उपचार घेणाऱ्या ४७४ स्त्रियांवर चाचणी झाली. त्यात वाफा लक्षणीय घटल्याचे २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. याच गटातील फेझोलिनेटंटला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, परंतु यकृताला इजा होण्याच्या दुर्मीळ शक्यतेबाबत २०२४ मध्ये तेथे ठळक इशारा जोडण्यात आला.

एवढे करूनही त्रास असह्य राहिल्यास गोळीची वेळ बदलणे, त्याच गटातील दुसरे औषध देणे किंवा देखरेखीखाली अल्प विराम घेणे हे पर्याय डॉक्टरांकडे असतात. मात्रा स्वतःहून अर्धी करू नये.

प्रत्येक घाम वाफेचा नसतो

वाफ आल्यावर अंग तापल्यासारखे वाटले तरी सामान्यतः ताप नसतो. थर्मामीटरवर ताप दिसल्यास वेगळे कारण शोधावे लागते. रात्रीचा घाम, घटते वजन आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. थायरॉइडच्या विकारातही घाम व धडधड होते. टॅमॉक्सिफेन घेताना योनीमार्गे अनपेक्षित रक्तस्राव, एका पायावर सूज व वेदना, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. सततची निराशा किंवा निद्रानाश असल्यास केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो.

अनेकींच्या वाफा काही महिन्यांनंतर सौम्य होतात, तर काहींना त्या दीर्घकाळ त्रास देतात. पुढील तपासणीला जाताना आठवड्याची नोंदवही सोबत न्यावी आणि ‘बाकी सगळे ठीक’ असे म्हणून उठण्यापूर्वी ती डॉक्टरांपुढे उघडावी. गोळी पुरी पाच वर्षे सुरू राहण्यासाठी ही काही मिनिटे मोलाची ठरतात.