लहान भट्टी आणि पांढरा पाक

काही वर्षांपूर्वी एका लेखात मी बिनदिक्कत लिहून गेलो होतो, की फ्रान्समधले ‘पेति फूर’ नावाचे छोटे केक राजवाड्यात, राजाच्या मेजवानीसाठी जन्माला आले. लेख छापून आल्यावर एका वाचकाचे पत्र आले. त्यात एकच प्रश्न होता : याला आधार काय? शोधायला बसलो तेव्हा लक्षात आले, की आधार एका हॉटेलच्या मेनूकार्डापलीकडे नव्हता. त्या पत्राला मी तेव्हा उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजावे.

ज्यांनी हा पदार्थ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तीनएक सेंटिमीटरचा चौकोनी केक, एका-दोन घासांचा. मध्ये जॅमचा थर, वर बदामाच्या मार्झिपानचा पातळ पापुद्रा, आणि या सगळ्यावर काचेसारखे चकाकणारे साखरेचे गुळगुळीत आवरण. त्या आवरणाला फोंडंट म्हणतात. ‘फोंद्र’ म्हणजे विरघळणे. त्यावरून हे नाव.

आधी ‘पेति फूर’ या नावाकडे पाहू. पेति म्हणजे लहान, फूर म्हणजे भट्टी. पण ही भट्टी आकाराने लहान नव्हे. जुन्या फ्रेंच बेकरीत विटांच्या भट्टीच्या पोटातच लाकडे जाळत, निखारे ओढून बाहेर काढत आणि तापलेल्या विटांच्या धगीवर पाव भाजत. पाव आणि मोठे पदार्थ निघाले, की उतरती धग उरे. ही धग वाया घालवणे कुणालाच परवडणारे नव्हते. तिच्यावर बिस्किटे, बदामाचे मॅकरून असा बारीक माल भाजून निघे. मोठ्या आचेचे काम वेगळे, लहान आचेचे वेगळे. ‘लहान भट्टी’ म्हणजे ही लहान आच.

मला हे समजायला पुस्तकाची गरज पडायला नको होती. लहानपणी दिवाळीच्या आधी आईबरोबर नानकटाईचे सामान घेऊन मी बेकरीत गेलेलो आहे. मैदा, तूप, पिठीसाखर आपली, भट्टी त्यांची. बेकरीवाला हमखास म्हणायचा, “पाव निघू द्या, मग तुमचं.” आम्ही तास-दीड तास बाकावर बसून राहायचो. पावाच्या आचेवर नानकटाई करपते, हे त्याला ठाऊक होते.

इथवर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण एक अडचण आहे. फोंडंट ओतलेले पेति फूर, ज्यांना फ्रेंचमध्ये ‘ग्लासे’ म्हणतात, ते लहान लहान भाजलेच जात नाहीत. मोठ्या ट्रेमध्ये स्पंजची लादी भाजायची, जॅम लावून थर जोडायचे आणि मग सुरीने चौकोन कापायचे. सुक्या बिस्किटवजा प्रकाराला, म्हणजे ‘सेक’ला, ते नाव शोभते, ग्लासेला ते थोरल्या भावंडाकडून मिळाले असावे, असे माझे मत आहे. तेव्हा या केकचा इतिहास भट्टीत शोधून भागत नाही. तो साखरेत शोधावा लागतो.

त्यासाठी फोंडंट घरी करून पाहिले. अर्धा किलो साखर, दीडशे मिलिलिटर पाणी, पाऊण वाटीला कमी ग्लुकोजचा पाक. 115-116 अंश सेल्सिअसपर्यंत उकळले आणि पाणी शिंपडलेल्या कडप्प्याच्या ओट्यावर ओतले. इथे मी घाई केली. गरम असतानाच उलथण्याने फेटायला लागलो. पाच मिनिटांत सगळा खरबरीत, रवाळ गोळा झाला. आई ऐंशीच्या पुढची आहे. तिने खुर्चीतूनच सांगितले, “अरे, पाक साखरला तुझा. गरम असताना ढवळलास ना?”

तिचे निदान अचूक होते. गरम पाकात हलवाहलव केली, तर साखरेचे स्फटिक थोडे पण मोठे बनतात. न ढवळता 45-50 अंशांपर्यंत निवू दिले आणि मग जोरात घोटले, तर एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक तयार होतात, इतके बारीक की जिभेला कळतच नाहीत. दुसऱ्या खेपेला दहा-बारा मिनिटे घोटल्यावर पारदर्शक पाक बघता बघता दुधासारखा पांढरा झाला. संक्रांतीचा काटेरी हलवा याच्या अगदी उलटा. तिथे तिळावर चमचा-चमचा पाक सोडत मंद आचेवर स्फटिकांचे काटे मुद्दाम वाढवायचे. इथे त्यांना वाढूच द्यायचे नाही. ग्लुकोज घालतात ते यासाठीच. आपण पाकात लिंबू पिळतो, त्यामागचे कारणही हेच.

आणखी एक गंमत. थर्मामीटर हाताशी नसताना फ्रेंच मिठाईवाले पाक बोटांनी ओळखत. त्यांच्या पायऱ्यांत आधी ‘तार’ येते, मग ‘लहान गोळी’. फोंडंटचा पाक म्हणजे ही लहान गोळी, आपला गोळीबंद पाक. कुणी कुणाकडून घेतले, असा प्रश्न इथे उपस्थित करू नये. पाक बोटांवर घेतला की दोन्हीकडे तेच दिसते.

आता ही साखर कुठून येत होती? अठराव्या शतकात फ्रान्सची बहुतेक साखर कॅरिबियन बेटांवरून येई, आणि त्यांत सर्वांत मोठी वसाहत सँ-दोमँग. तिथे 1789च्या सुमारास जवळपास पाच लाख गुलाम राबत होते. ऑगस्ट 1791मध्ये त्यांनी उठाव केला. तेरा वर्षांच्या लढ्यानंतर 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाला, आणि फ्रान्सने आपला सर्वांत मोठा साखरपुरवठा गमावला. त्यात इंग्रजांनी समुद्र अडवलेला. साखर महागली. बीटातली साखर उसातल्या साखरेसारखीच आहे, हे मार्गग्राफ या जर्मन शास्त्रज्ञाने 1747मध्येच दाखवले होते. आता तिची निकड भासली. 1811मध्ये नेपोलियनने 32 हजार हेक्टर जमीन बीटाखाली आणण्याचा हुकूम काढला. जानेवारी 1812मध्ये पॅरिसजवळच्या पासी येथे देलेसेरच्या कारखान्यातली साखर पाहून त्याने स्वतःच्या छातीवरचे मानचिन्ह काढून त्याला दिले, असे सांगतात. त्याच 1811 साली सेंट पीटर्सबर्गला किर्खहॉफने स्टार्चमध्ये आम्ल घालून तो उकळला आणि ग्लुकोजचा पाक मिळवला. माझ्या कडप्प्यावरची दोन्ही द्रव्ये अशी एकाच काळातून आलेली.

नेपोलियन पडल्यावर उसाची साखर परतली आणि बीटाचे कारखाने धडाधड बंद पडले. पण तो धंदा पुन्हा उभा राहिला. फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी 1794मध्ये रद्द झाली, 1802मध्ये नेपोलियननेच ती परत आणली आणि 1848मध्ये ती कायमची संपली. शतकाअखेर जगातली निम्म्याहून अधिक साखर बीटाची होती.

मग राजवाडा? त्याचा संबंध अजिबात नाही, असे म्हणणे पुन्हा तीच चूक ठरेल. ‘ल पातिसिये रुआयाल पारिसियँ’ हा ग्रंथ 1815मध्ये लिहिणारा करेम तालेराँच्या आणि इंग्लंडच्या राजपुत्राच्या स्वयंपाकघरांत राबला होता. पण तो स्वतः लहानपणी पॅरिसच्या रस्त्यावर सोडून दिलेला गरीब मुलगा होता, आणि त्याने रु द ला पे या रस्त्यावर स्वतःचे दुकानही चालवले. फोंडंटचा पेति फूर मला एकोणिसाव्या शतकातल्या अशा दुकानांचे अपत्य वाटतो : साखर आवाक्यात आल्यावर काचेमागे मांडून ठेवलेला.

ओलसर फडक्याखाली एक रात्र मुरलेले फोंडंट दुसऱ्या दिवशी गरम पाण्यावर ठेवून सैल केले. 40 अंशांपुढे गेले की चकाकी जाते, म्हणून बोट बुडवून बघत राहिलो. चोवीस केकपैकी नऊ चकाकले. बाकीचे निस्तेज झाले, कारण मध्येच दाराची बेल वाजली आणि भांडे आचेवर राहिले. आईने निस्तेजातलाच एक उचलला, खाल्ला आणि म्हणाली, “गोड फार आहे.”