शेंदूर, सोमल आणि एक पुडी

आपल्या बाप्पाला शेंदूर चढतो. डिप्लोमा करून मी रेल्वेत लागलो तेव्हा पुलाच्या गर्डरला गंज धरू नये म्हणून लाल प्राइमर मारत असत. त्याचा डबा उघडून आमचे जुने मिस्त्री म्हणाले होते, "साहेब, हा बघा शेंदूर." त्यांचे बरोबर होते. अस्सल शेंदूर आणि 'रेड लेड' एकच, शिशाचे ऑक्साइड. देवाच्या अंगावर तो शोभतो. शिसे पोटात गेले तर काय होते, ते मात्र आमच्या घरातच कळले.

आत्याला स्तनाचा कर्करोग होता, केमो बेंगळुरूत चालू होती. बेळगावकडच्या एका वैदूची भस्माची पुडी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मीच आणत असे. खनिज आहे, ताकद येते, एवढेच माहीत. पुडीवर ना नाव, ना वजन. तिसऱ्या महिन्यात पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी. आम्ही म्हटले, केमोचाच त्रास. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी "आणखी काही घेता का?" असे तीनदा विचारले, तेव्हा कुठे मी खिशातली पुडी काढली. तपासणीत रक्तात शिसे निघाले. ते उतरेपर्यंत केमो थांबवावी लागली.

मग मी या विषयाचा इतिहास वाचू लागलो. खनिज औषधांना नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. आपले रसशास्त्र जुने आहे. 'रसरत्नसमुच्चय' पुण्याच्या आनंदाश्रमाने छापला. त्यात धातूंचे शोधन, मारण सांगितले आहे. भस्म पाण्यावर तरंगावे, बोटाच्या रेषांत भरावे, अशा त्या शास्त्रातल्या परीक्षा. पण या दोन्ही परीक्षा बारीकपणाच्या. सिमेंट चाळणीतून गेले म्हणजे क्यूब पास झाला असे आम्ही साइटवर म्हणत नाही! त्यातून ज्याची पुडी, त्याने त्या तरी केल्या होत्या की नाही, देव जाणे.

सोमलाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. इंग्लंडच्या थॉमस फाउलरने 1786 मध्ये सोमलाचे एक टक्क्याचे द्रावण प्रसिद्ध केले. 1865 मध्ये जर्मनीत लिसाउअरने ते रक्ताच्या कर्करोगावर वापरले आणि रुग्णाला काही काळ आराम पडला. परंतु वर्षानुवर्षे ते द्रावण घेणाऱ्यांना त्वचेचा कर्करोग होतो, हेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांच्या ध्यानात आले. पुढे 1970 च्या दशकात चीनमधील हार्बिनच्या डॉक्टरांनी सोमल शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिला. रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारात तो इतका गुणकारी ठरला, की 2000 साली अमेरिकेने मान्यता दिली. आपल्या जवळच्या वेल्लोरच्या सीएमसीत तर 1998 पासूनच तो वापरला जात होता. मात्र ईसीजी काढत, रक्त तपासत! प्लॅटिनमपासून केलेले सिस्प्लॅटिनही असेच, ते देताना मूत्रपिंडावर सतत नजर ठेवतात. अशा रुग्णाने घरून शिसे किंवा पारा घेतला तर त्याच मूत्रपिंडावर दुसरा घाव पडतो, आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताही नसतो.

परदेशातही हा मोह आहेच. सीझियम क्लोराइड कर्करोगावर म्हणून विकले जात होते. हृदयाचे ठोके बिघडून माणसे दगावतात म्हणून अमेरिकेने 2018 मध्ये इशारा दिला.

आपल्याकडे 1954 च्या कायद्याने कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करण्यास बंदी आहे. पण वैदू जाहिरात कुठे देतो? तो कानात सांगतो. 2004 मध्ये बोस्टनच्या दुकानांतील 70 आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा 14 मध्ये शिसे, पारा किंवा सोमल निघाला. त्यानंतर आपल्या सरकारने 1 जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या वनौषधींची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची केली. शिशाची मर्यादा दशलक्षात 10 भाग. आत्याच्या पुडीला कुठली मर्यादा आणि कुठली तपासणी?

आपल्या बेंगळुरूला या कामाची परंपरा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचे डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी शिशाच्या विषबाधेविरुद्ध अनेक वर्षे काम केले. 1999 मध्ये याच विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद इथे भरली, आणि 2000 साली देशातल्या पेट्रोलमधून शिसे गेले.

आत्या नंतर दोन वर्षे होती. थांबलेल्या केमोमुळे किती दिवस गेले, याचा हिशेब कुणी मांडला नाही, मीही मांडत नाही. परवा गावाहून एका नातेवाइकाचा फोन आला, वडिलांना केमोसाठी घेऊन येतो म्हणाला. मी आधी रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म सांगितला, आणि मग विचारले, "पुडी चालू आहे का?" पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

"आहे," तो म्हणाला.

"मग ती घेऊनच ये. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवू."