विंचू, चेतासंस्था आणि महाडचे डॉक्टर

कोलाड म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांना आठवतं ते कुंडलिकेतलं राफ्टिंग. सकाळी भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं, आपण टीम बिल्डिंगच्या नावाखाली भिजतो, दुपारी मच्छी-भात हाणतो आणि परत पुणे-मुंबई. पण याच हायवेने माणगाव ओलांडून महाडला गेलात, की चेतासंस्थेच्या इतिहासातला एक मोठा धडा लागतो. तो कुठल्या बड्या इस्पितळात नाही, तर खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात लिहिला गेला.

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तांबडा विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं, पटापट दगावत. (मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचा त्रास बहुतेकदा ठणक्यापुरता. टेंटमध्ये राहणार असाल तर बूट झटकूनच घाला.) विंचू उतरवणारे भगत होते. डॉक्टर मंडळी ॲट्रोपिन, स्टेरॉइड वगैरे देत, पण त्याने मृत्यू काही टळत नव्हते.

आता थोडी बायोलॉजी. हृदयाचे ठोके, घाम, रक्तवाहिन्यांची रुंदी हे सगळं स्वायत्त चेतासंस्था आपल्याला न विचारता सांभाळते, बॅकग्राउंड प्रोसेससारखं. त्यात अनुकंपी भाग ॲक्सिलरेटर आणि परानुकंपी भाग ब्रेक. चेतातंतूतून संदेश जातो तेव्हा त्याच्या भिंतीतली सोडियमची दारं क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. विंचवाचं विष ती नीट मिटूच देत नाही. झालं, इन्फिनिट लूप! आधी उलट्या आणि घाम, मग ॲड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा पूर. हातपाय थंडगार, रक्तदाब चढलेला, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं.

बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम टिपला. १९८२ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मग उपाय सापडला तो प्रॅझोसिन, म्हणजे रक्तदाबाची एक साधी स्वस्त गोळी. ती लूप थांबवत नाही. त्याचे मेसेज रक्तवाहिन्यांवर जिथे पोचतात ते अल्फा रिसेप्टर, म्हणजे ते पोर्टच, अडवते. मला तर हे डिबगिंग भन्नाट वाटतं. १९८६ साली बावस्कर पतिपत्नींचा (डॉ. प्रमोदिनी बावस्कर त्यांच्या सहसंशोधक) प्रॅझोसिनवरचा लेखही 'लॅन्सेट'नेच छापला. पूर्वी गंभीर रुग्णांतले साधारण ३० टक्के दगावत, ते प्रमाण १-२ टक्क्यांवर आलं. आणि गोळी काय, कुठल्याही खेड्यातला डॉक्टर देऊ शकतो.

अर्थात पोर्ट अडवलं तरी विष रक्तात फिरतच असतं. त्याला गाठायला प्रतिविष लागतं. २०११ साली बावस्करांनीच 'बीएमजे'मध्ये दाखवलं, की प्रॅझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण नुसत्या प्रॅझोसिनपेक्षा लवकर बरा होतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.