वाद्यावाचूनचा मेळ : जात्याभोवतीच्या गायिका

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात अलीकडे मुले एक नवा प्रकार मोठ्या हौसेने सादर करतात. पेटी नाही, तबला नाही, ध्वनिफितीची साथही नाही. सहा-सात जण अर्धवर्तुळात उभे राहतात, एक जण तोंडानेच तालाचे आघात काढतो, दोघे खालचा सूर धरून राहतात आणि उरलेले गातात. मुले याला 'अ कापेला' म्हणतात. शब्द इटालियन आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'चॅपेलच्या रीतीने' एवढाच. रोमच्या सिस्टीन चॅपेलमध्ये ऑर्गनची साथ न घेता केवळ कंठाने प्रार्थनागीते गाण्याची प्रथा होती, तिच्यावरून तो रूढ झाला. आपल्या मुलांपर्यंत मात्र तो रोमहून न येता अमेरिकेहून आला. १९९६ साली फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील दक्षिण आशियाई वंशाच्या काही विद्यार्थ्यांनी 'पेन मसाला' नावाचा असा मेळ उभारला आणि हिंदी व इंग्रजी गाणी एकमेकांत गुंफून वाद्यांविना गाण्याची चाल पाडली. हा मेळ पुढे व्हाइट हाउसमधील दिवाळीत गायला आणि २०१५ मध्ये हॉलिवूडच्या एका चित्रपटातही झळकला.

या मेळाची एक गोष्ट मला विशेष वाटते. पदवी मिळाली की जुने गायक बाहेर पडतात आणि नवे विद्यार्थी येतात. सभासद सतत बदलत असूनही मेळाचे नाव आणि गाण्याची रीत कायम राहते. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी संस्था लगेच ओळखीची वाटावी, कारण याच नियमाने चालणारा एक वाद्यावाचूनचा मेळ आपल्या भाषेत किमान नऊशे वर्षे गात होता. त्याला नाव नव्हते, व्यासपीठ नव्हते आणि श्रोतेही नव्हते. तो पहाटे, अंधारात, जात्याभोवती बसत असे.

नऊशे वर्षे हा आकडा मी भावनेच्या भरात लिहिलेला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत, त्याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत कोशग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावे, हत्ती कसे पारखावेत, कोणते गाणे केव्हा गावे अशा असंख्य विषयांच्या त्या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. नोंद कांडणाची आहे, दळणाची नाही. पण मुसळ काय आणि जाते काय, हात तेच आणि गळाही तोच. सोमेश्वराचे कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी बायकांच्या गाण्याची इतकी जुनी साक्ष कर्नाटकातल्या एका राजाने नोंदवून ठेवली, ही गोष्ट बंगळूरच्या मराठी माणसाने तरी विसरू नये. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यातही ओवीचा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरील टीकेसाठी ओवी निवडली तेव्हा ती घराघरांत रुळलेली होती. ग्रंथातली ओवी आणि कंठातली ओवी असा भेद अभ्यासक पुढे करू लागले. वयाने कंठातली थोरली.

आता या मेळाचे सभासद कोण, ते पाहू. जात्याला खुंटा एकच असतो. त्याला दोघी समोरासमोर बसून धरतात. एक हात खुंट्यावर, दुसऱ्याने मधूनमधून मूठभर धान्य जात्याच्या तोंडात सोडायचे. म्हणजे मेळ मुळात दोघींचा. त्या दोघी सासू-सून असत, जावा-जावा असत, नणंद-भावजय असत, क्वचित शेजारणी. त्यांच्यात भांडण असले तरी वर्तुळ एकीने फिरवावेच लागे, नाही तर पीठ जाड पडे. एकीने ओवीची पहिली ओळ उचलायची, दुसरीने ती धरायची, मग दोघींनी मिळून दुसरीवर उतरायचे. चालीला या बायका 'गळा' म्हणतात, आणि मला हा शब्द फार समर्पक वाटतो. दगडाची घरघर हाच आधारस्वर आणि फेरा हाच ताल. शास्त्रीय गायकाला तंबोरा जे देतो, ते यांना ज्वारी-बाजरी भरडणारा दगड देत होता. म्हणून काटेकोर बोलायचे तर या गाण्याला वाद्य नव्हते असे म्हणावे की नव्हते म्हणू नये, हा प्रश्न संगीताच्या शिक्षकांसाठी सोडते.

भरती आणि निवृत्तीचा नियम लग्नाचा होता. मुलगी लग्न होऊन गेली की माहेरच्या जात्यावरचा एक आवाज कमी होई आणि सासरच्या जात्यावर एक वाढे. जाताना ती माहेरचा गळा सोबत नेई. सासरी तो ऐकून सासू नाक मुरडत असेल किंवा हळूच शिकून घेत असेल. दोन्ही घडले असणार. निपाणी, चिकोडी, अथणी, जत, अक्कलकोट या पट्ट्यात तर माहेर एका भाषेचे आणि सासर दुसऱ्या भाषेचे अशी घरे आजही आहेत. कन्नडमध्ये जात्यावरच्या गाण्यांना 'बीसुव पद' म्हणतात आणि त्यांचा छंद बहुधा त्रिपदी, म्हणजे तीन चरणांचा. विजापूर जिल्ह्यातील हलसंगी गावच्या साहित्यप्रेमी मित्रमंडळींनी अशी गाणी गोळा करून 'गरतिय हाडु' हा संग्रह काढला. ज्यांच्या घरची भाषा मराठी होती ते कन्नड कविश्रेष्ठ द. रा. बेंद्रे याच लोकछंदांवर पोसले गेले. आपल्या शाळेतली मुले घरी मराठी, गल्लीत कन्नड बोलतात आणि काही पाहुणे याला भेसळ समजतात. जात्यावर ही सरमिसळ कधीपासून चालू आहे.

या मेळात पुरुषाला जागा नव्हती, अपवाद एकाचा. जनाबाईला दळू लागायला साक्षात विठ्ठल आला, ही कथा प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून जाते आजही दाखवतात. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातली मागणी स्पष्ट दिसते. समोर खुंटा धरायला कोणी नाही, एकटीला जाते ओढवत नाही, आणि तेवढ्यात कोणीतरी येऊन बसते. देवाकडे मोक्ष न मागता दळणातला भागीदार मागणारी ही भक्ती दळणाऱ्या बाईलाच सुचू शकते.

बंगळूरच्या मराठी इतिहासाची सुरुवात आपण शहाजीराजांपासून करतो. १६३८ नंतर ही जहागीर त्यांच्याकडे आली. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये यांच्यासारखा अनेक भाषा जाणणारा कवी होता आणि त्याचे 'राधामाधवविलासचंपू' वि. का. राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केले. दरबारच्या कवींची नावे अशी उरली. ज्या फौजा येथे आल्या त्यांच्या भाकरीचे पीठ कोणाच्या तरी हातांनी दळले होते. त्या हातांच्या नावाचा एकही कागद कोणत्या दप्तरात निघणार नाही. नंतरच्या काळात येथे आलेल्या भावसार, नामदेव शिंपी घराण्यांच्या आणि विटा-खानापूर भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी आलेल्या कुटुंबांच्या बाबतीतही तेच. दुकानाच्या पाटीवर आजोबांचे नाव असते.

या नामहीन मेळाची दखल घेण्याचे काम विसाव्या शतकात नेटाने सुरू झाले. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या संकलित केल्या. डॉ. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या संग्रहाला 'अपौरुषेय वाङ्मय' असे नाव दिले. वेदांसाठी राखून ठेवलेला हा शब्द बायकांच्या गाण्यांना लावण्यातली त्यांची मिस्कील धिटाई मला आजही हसवते. पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड प्रसिद्ध केले. या सर्वांचे ऋण मोठे. परंतु अशा बहुतेक छापील संग्रहांत ओवी सापडते, ओवी गाणारी सापडत नाही. आणि गळा तर कागदावर उतरतच नाही.

ती उणीव ज्यांनी भरून काढली त्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दांपत्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. प्वातवँ जन्माने फ्रेंच, पुण्यात येऊन स्थायिक झालेले समाजशास्त्रज्ञ. पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या डोंगरात 'गरीब डोंगरी संघटना' या नावाने कष्टकऱ्यांचे संघटन उभे राहिले, त्यात हे दोघे काम करीत. बैठकीत बायका बोलत नसत. प्रश्न विचारला की पदर तोंडाला. पण जात्याचा विषय निघाला की त्याच बायका माहेर, सासुरवास, भाऊ, दुष्काळ, नवऱ्याची मारहाण, सीतेचा वनवास यांवर एकामागून एक ओव्या गात. जे भाषणात येत नव्हते ते गाण्यात तयारच होते. १९८० च्या दशकापासून या ओव्या टिपून घेण्याचे काम चालू झाले, आणि महत्त्वाचे म्हणजे त्यात संघटनेतल्या कुसुम सोनवणे, ताराबाई उभे यांच्यासारख्या गावच्या बायाच गाणाऱ्याही झाल्या आणि गोळा करणाऱ्याही. मुळशीतून हे काम मराठवाड्यापर्यंत गेले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि संगणकाचे अभ्यासक सोबत आले व सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले.

या मुद्रणांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे आहेत. १९९६ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या गायल्या. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्या वस्तीतल्या बायकांनी जात्यावरच्या जुन्या साच्यात नवा उद्धारकर्ता बसवला. देवाच्या नावाच्या जागी भीमाचे नाव आले आणि छंद जराही हलला नाही. परंपरा म्हणजे गोठलेले पाणी असे समजणाऱ्यांनी या ओव्या अवश्य ऐकाव्यात. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही याच संग्रहात जपला गेला आहे.

प्वातवँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. हा ठेवा पुढे पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हाती घेतला आणि २०१७ पासून नमिता वाईकर यांच्या पुढाकाराने ओव्या क्रमाने प्रकाशात येऊ लागल्या. चमू पुन्हा त्या गावांत गेला, हयात असलेल्या गायिकांना भेटला. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. नऊशे वर्षांत जे कोणी केले नव्हते ते एवढेच होते.

मेळ मोडला कसा, हे सांगायला दोन ओळी पुरतात. गावात आधी तेलावर, मग विजेवर चालणारी पिठाची गिरणी आली. जात्याला टाकी लावून घेणे थांबले, जाते परसात गेले, आणि आता ते बाहेर निघते ते लग्नाची हळद दळण्यापुरते. गिरणीबद्दल हळहळणाऱ्यांत मी नाही. ज्या पहाटे बाई दळत होती त्या पहाटे तिची मुलगी खुंट्याचा खालचा भाग धरून बसलेली असे, आणि दिवस उजाडल्यावर ती शाळेत जात नसे. मुलींच्या शाळेतील हजेरीसाठी पिठाच्या गिरणीने जे केले ते आम्हा शिक्षकांच्या पुष्कळ भाषणांनी केलेले नाही. कष्ट गेले ते बरेच झाले. पण कष्टाबरोबर दोन बायकांची एकत्र, कोणी ऐकत नसताना बोलण्याची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात काय आले हे मला अजून नीट दिसलेले नाही.

शाळेच्या प्रवेश अर्जात 'आईचे शिक्षण' असा एक रकाना असतो. पहिल्या वीस-पंचवीस वर्षांच्या अर्जांत त्या रकान्यापुढे 'अशिक्षित' हा शब्द ओळीने आढळतो. त्या मातांपैकी अनेकींना शेकडो ओव्या पाठ असतील. मात्र तसा रकाना कोणत्याही अर्जात नव्हता. त्यांची नातवंडे आज स्नेहसंमेलनात अर्धवर्तुळात उभी राहून गातात.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एक विनंती आहे. घरात आजी, पणजी, मावशी, आत्या कोणी जात्यावरचे गाणे जाणत असतील, मराठी किंवा कन्नड, तर ते भ्रमणध्वनीवर त्यांच्याच आवाजात मुद्रित करून शाळेच्या ग्रंथालयाकडे द्यावे. शब्द विसरले असतील तरी चालेल, गळा असू द्यावा. सोबत चार गोष्टी लिहाव्यात : गाणारीचे पूर्ण नाव, तिचे माहेर, तिचे सासर, आणि समोर खुंट्याला कोण बसत असे.